मुलांचा घोटा आणि ‘जैविक’ हा शब्द

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लिहावे ते लसीकरणावर, आहारावर किंवा परीक्षेच्या ताणावर, अशी एक रूढ अपेक्षा असते. यंदा ती बाजूला ठेवून मी घोट्याच्या सांध्यातील कूर्चेविषयी लिहीत आहे. हा प्रांत अस्थिरोगतज्ज्ञांचा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे आणि शस्त्रक्रियेच्या तंत्राविषयी कोणाला काही शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खेळताना वा नाचताना पाय मुरगळलेले मूल बहुधा प्रथम आपल्याकडे, म्हणजे बालरोगतज्ज्ञाकडे किंवा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे येते. काही महिन्यांनी एमआरआयचा लिफाफा आणि एखाद्या रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन त्याचे आईवडील पुन्हा आपल्याकडेच येतात. ‘डॉक्टरसाहेब, हे करून घ्यावे का?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘तो माझा विषय नव्हे’ असे उत्तर देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे या अंदाजपत्रकांत ‘जैविक’ हा शब्द वारंवार दिसतो. जैविक पडदा, जैविक गोंद, स्टेम सेल, ग्रोथ फॅक्टर अशी नावे असतात. ‘जैविक’ म्हटले की ते नैसर्गिक, निरुपद्रवी आणि आधुनिक असणारच, असा सामान्य माणसाचा समज होतो. वास्तविक हा शब्द पदार्थ कोठून आला एवढेच सांगतो. तो किती उपयोगी पडतो किंवा किती वर्षे टिकतो याविषयी त्यात काहीही हमी नसते.

जखम का भरून येत नाही

१७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम हंटर यांचा सांध्यांच्या कूर्चेवरील निबंध प्रसिद्ध झाला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते निरीक्षण मूलतः खरे ठरले आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिच्या पेशी सांध्यातील द्रवातून पोषण घेतात. त्वचा कापली की रक्त साकळते, पेशी धावून येतात आणि जखम भरते. केवळ कूर्चा फाटली तर ही साखळी सुरूच होत नाही.

घोट्याच्या सांध्यात ज्या हाडाला ही इजा प्रामुख्याने होते ते म्हणजे टॅलस. त्याचा सुमारे ६० टक्के पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. साहजिकच त्याच्यात रक्त शिरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. घोट्यातील कूर्चेची जाडी साधारण १ ते २ मिलिमीटर, म्हणजे गुडघ्यातील कूर्चेहून बरीच कमी असते. पाय आत मुरगळला की टॅलसचा कोपरा शेजारच्या हाडावर आपटतो. कधी कूर्चेखालील हाड चेचते, कधी हाडासह कूर्चेचा तुकडा सुटू लागतो. बर्न्ट आणि हार्टी यांनी १९५९ मध्ये या इजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीत हाड दबलेले असते आणि चौथीत तुकडा जागा सोडून सांध्यात सरकलेला असतो. ही विभागणी अजूनही वापरात आहे.

कूर्चेला मज्जातंतू नाहीत, तर मग दुखते काय? ॲम्स्टरडॅमचे व्हॅन डाइक यांनी मांडलेली उपपत्ती अशी : चालताना सांध्यातील द्रव फटीतून दाबाखाली खालच्या हाडात शिरतो, तेथे हळूहळू पोकळी होते, आणि वेदना त्या हाडातून येते. म्हणूनच असे मूल खेळताना नव्हे, तर खेळून झाल्यावर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा खोलवर दुखतो अशी तक्रार करते.

‘मुरगळला आहे, होईल बरा’

आमच्या वडोदऱ्यात नवरात्राच्या नऊ रात्री मुले-मुली अनवाणी गरबा खेळतात. दिवाळीपर्यंत आपल्या बाह्यरुग्ण विभागात सुजलेले घोटे येत राहतात. मल्लखांब, खो-खो, बास्केटबॉल आणि कथक-भरतनाट्यमचे वर्ग यांची भर वर्षभर असतेच. बहुतेकांना खरोखरच साधी लचक असते. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज आणि आठ-पंधरा दिवसांची विश्रांती यांनी ती मुले बरी होतात. हाडवैदाच्या मालिशीचे श्रेयही बहुधा निसर्गालाच जाते.

प्रश्न आहे तो न बऱ्या होणाऱ्या थोड्यांचा. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या पाहणीत ६ ते १९ वर्षे वयोगटात या विकाराचे प्रमाण दर लाखास वर्षाला ४.६ इतके आढळले. मुलींमध्ये ते मुलांच्या सुमारे दीडपट होते. म्हणजे हा विकार विरळा आहे आणि विरळा असल्यामुळेच तो सुटून जातो. १९९२ मध्ये कॅनडात तयार झालेले घोट्याच्या एक्स-रेसंबंधीचे ‘ओटावा नियम’ आपण सर्व वापरतो. ते अस्थिभंग ओळखण्यासाठी आहेत, कूर्चेसाठी नाहीत. साध्या एक्स-रेत यातील पुष्कळ इजा दिसतच नाहीत. ‘एक्स-रे चांगला आहे’ या वाक्यावर आपण थांबलो, तर मूल सहा-आठ महिने लंगडत राहते आणि त्या काळात पहिल्या पायरीची इजा तिसऱ्या पायरीवर जाऊ शकते.

म्हणून माझे पहिले म्हणणे शस्त्रक्रियेविषयी नाहीच. लचकल्यानंतर सहा आठवड्यांनीही ज्या मुलाचा घोटा दुखतो, सुजतो किंवा मध्येच अडकतो, त्याला पुन्हा तपासावे आणि एमआरआयचा विचार करावा, एवढा एक साधा नियम आपण सर्वांनी पाळला, तरी ‘जैविक’ पदार्थांची गरज पडणारी मुले कमी होतील.

मुलाची स्वतःची कूर्चा

वाढत्या वयात एक देणगी असते. हाडांच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात, तोवर कूर्चेखालील हाड पुन्हा जुळण्याची शक्यता प्रौढांपेक्षा जास्त असते. म्हणून वरची कूर्चा अखंड असेल आणि तुकडा स्थिर असेल, तर काही महिने खेळ बंद, गरजेप्रमाणे प्लॅस्टर किंवा बूट, आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, हाच पहिला उपचार मानला जातो. तो निष्फळ ठरला तर शल्यचिकित्सक कूर्चा न उघडता हाडाला बारीक छिद्रे पाडून रक्तपुरवठ्याला वाट करून देतात. तुकडा सैल झाला असेल, पण चांगला असेल, तर विरघळणाऱ्या पिनांनी किंवा बारीक स्क्रूने तो जागच्या जागी बसवता येतो.

माझ्या मते या सगळ्याचे सार एकच आहे : मुलाची स्वतःची कूर्चा हाच जगातील सर्वांत उत्तम जैविक पदार्थ आहे. ती वाचवण्याची संधी असताना ती काढून टाकून तिच्या जागी काही आणून बसवणे, हा उत्तमाचा त्याग करून मध्यम स्वीकारण्याचा प्रकार आहे.

माझ्या माहितीतील दोन मुले सांगतो. कथक शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीच्या टॅलसमध्ये आठ मिलिमीटरची स्थिर इजा होती. दुसऱ्या शहरातील एका रुग्णालयाने तिच्या पालकांना स्टेम सेलचे ‘पॅकेज’ सुचवले होते आणि वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्जही भरला होता. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी एमआरआय पाहून प्रथम विश्रांतीच सुचवली. वर्षभराने तिची वेदना गेली, चित्रात हाड जुळलेले दिसले आणि ती पुन्हा नाचू लागली. दुसरा मुलगा पंधरा वर्षांचा, बास्केटबॉल खेळणारा. त्याचा तुकडा सुटत चालला होता. त्याला थांबवणे चुकीचे ठरले असते. तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया होऊन तुकडा बसवला गेला. तेव्हा मी शस्त्रक्रियेच्या विरोधात आहे असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. एकाच नावाच्या विकारात एकाला थांबणे योग्य असते आणि दुसऱ्याला थांबणे घातक, हेच पालकांना समजावून सांगावे लागते.

जैविक पदार्थ म्हणजे नेमके काय

जेथे कूर्चा वाचवणे शक्य नाही, तेथे पर्याय शोधावे लागतात. त्यांतील सर्वांत जुना व साधा म्हणजे खराब भाग साफ करून हाडाला बारीक छिद्रे पाडणे, अर्थात मायक्रोफ्रॅक्चर. हाडातून आलेल्या रक्ताची गुठळी तेथे बसते आणि तिच्यातून नवी ऊती तयार होते. ही ऊती मूळच्या काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेची नसून तंतुमय, म्हणजे अधिक व्रणासारखी असते. तरीही सुमारे १५ मिलिमीटरपेक्षा लहान व्यासाच्या इजेत तिचे परिणाम पुष्कळदा समाधानकारक असतात. नव्या अभ्यासांनी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे.

मोठ्या इजेत ती गुठळी टिकावी म्हणून तिच्यावर कोलॅजेनचा पडदा लावण्याची पद्धत युरोपात या शतकाच्या आरंभी रुजली. बाझेलसारख्या केंद्रांनी ती घोट्यासाठी वापरली. बोलोन्याच्या रिझोली संस्थेतील जान्निनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४८ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. त्यांनी कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थिमज्जेतील पेशी एकवटून, कोलॅजेन किंवा हायल्युरोनिक आम्लाच्या आधारावर, एकाच शस्त्रक्रियेत टॅलसमध्ये बसवल्या. त्यापूर्वी १९९४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आदींनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात परत बसवल्याचा प्रसिद्ध अहवाल दिला होता. त्यात मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ रुग्णांत परिणाम चांगले वा उत्कृष्ट होते, परंतु गुडघ्याच्या वाटीवरील ७ पैकी केवळ दोघांत. एकाच गुडघ्यात जागा बदलली की निकाल एवढा बदलतो. मग गुडघ्याचे निकाल दाखवून घोट्याची हमी कशी देता येईल?

अमेरिकेत २००७ पासून आणखी एक पदार्थ वापरात आला : मृत बालकांच्या सांध्यांतून मिळवलेल्या कूर्चेचे बारीक तुकडे, जे जैविक गोंदाने इजेच्या जागी बसवले जातात. दाते तेरा वर्षांच्या आतले. वैज्ञानिक कारण उघड आहे, लहान वयातील पेशी अधिक जोमदार असतात. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून ही ओळ मला सहज वाचून पुढे जाता येत नाही. कोणाच्या तरी घरातील दुःखातून ती वस्तू आलेली असते. तिचा वापर करायचा तर खरोखर गरज असलेल्या ठिकाणीच व्हावा.

पडदा टिकतो, कंपनी टिकत नाही

पुराव्याचा विचार केला तर चित्र असे आहे. पडदा किंवा अस्थिमज्जा वापरलेल्या मालिकांतील काही वर्षांपर्यंतचे परिणाम चांगले आहेत. मात्र बहुतेक मालिका लहान आहेत, रुग्ण बहुतांशी प्रौढ आहेत, आणि जेथे साध्या मायक्रोफ्रॅक्चरशी तुलना झाली तेथे जैविक भर निर्विवाद सरस ठरलेली नाही. पीआरपीबद्दलचा, म्हणजे रक्तातील प्लेटलेट एकवटून देण्याच्या इंजेक्शनबद्दलचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. नेदरलँड्समध्ये घोट्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या १०० प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाली. २६ आठवड्यांनंतर पीआरपी आणि मिठाचे पाणी यांत फरक आढळला नाही.

दुसरी बाब व्यापाराची. युरोपात पेशींपासून बनवलेले कूर्चेचे एक उत्पादन २००९ मध्ये मान्यता मिळवून आले आणि २०१६ मध्ये व्यापारी कारणांनी बाजारातून गेले. हायल्युरोनिक आम्लाच्या आधारावरील दुसऱ्या उत्पादनाच्या मान्यतेचा अर्ज २०१३ मध्ये मागे घेतला गेला. तिसऱ्याला त्याच वर्षी मान्यता मिळाली, ती कारखाना बंद झाल्याने २०१४ मध्ये स्थगित झाली. पुढे अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये त्याला प्रौढांच्या गुडघ्यासाठी परवानगी मिळाली. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. पण बारा वर्षांच्या मुलाच्या घोट्याला अजून साठ वर्षे चालायचे आहे आणि उत्पादनाचे आयुष्य सात वर्षांचेही नसू शकते. पस्तिसाव्या वर्षी घोटा पुन्हा दुखू लागला, तर बसवलेल्या वस्तूची नोंद कोणाकडे असेल?

तिसरी बाब भारतातील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य स्थितींतील रक्तपेशी-प्रत्यारोपण सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णांवर स्टेम सेल वापरणे अनुचित आहे. सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नतेच्या मुलांच्या पालकांना याच नावाने कसे नागवले गेले, हे आपण बालरोगतज्ज्ञांनी जवळून पाहिले आहे. दागिने मोडून दिलेल्या इंजेक्शनांनंतर मूल होते तेथेच राहिलेले आपण पाहिले आहे. तीच भाषा आता घोट्यापर्यंत येत असेल, तर आपण गप्प राहू नये.

पालकांच्या वतीने विचारायचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या पालकांना मी पुढील प्रश्न कागदावर लिहून देतो आणि ते शल्यचिकित्सकाला विनासंकोच विचारण्यास सांगतो.

१) इजा किती मिलिमीटरची आहे, तुकडा स्थिर आहे की सैल, आणि वाढीची पट्टी उघडी आहे का? (ती मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास बंद होते. काही शस्त्रक्रियांत सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी घोट्याचे आतील हाड कापावे लागते. पट्टी उघडी असताना तो निर्णय वेगळा ठरतो.)

२) मुलाची स्वतःची कूर्चा वाचवता येणार नाही, हे कशावरून ठरले?

३) पदार्थ कोणापासून आला आहे? कोलॅजेनचे प्रचलित पडदे डुकरापासून मिळवलेले असतात, आणि जैविक गोंद मानवी रक्तद्रवापासून. आपल्या शहरात जैन, वैष्णव आणि मुस्लिम कुटुंबे आहेत. त्यांचा निर्णय काहीही होवो, तो माहितीनंतर झाला पाहिजे. संमतिपत्रातील बारीक अक्षरांत ही गोष्ट दडवणे योग्य नाही.

४) हा पदार्थ या वयासाठी व या सांध्यासाठी मान्य आहे का? नसेल तर हे चाचणीचा भाग म्हणून होत आहे का?

५) साध्या पद्धतीपेक्षा यात अधिक काय मिळेल आणि त्यासाठी अधिक खर्च किती?

६) पाच आणि दहा वर्षांनी या मुलाला कोण तपासणार?

जो शल्यचिकित्सक या प्रश्नांनी रागावतो, त्याच्याकडे घाई करू नये. माझा अनुभव असा की, चांगले शल्यचिकित्सक या प्रश्नांचे स्वागतच करतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, अशा सावधगिरीने मुले नव्या उपचारांपासून वंचित राहतील. मोठी इजा असलेल्या, विश्रांती आणि छिद्रे पाडूनही बऱ्या न झालेल्या किशोराला पडदा लावण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर माझा विरोध नाही. घोट्यातील ऑस्टिओआर्थ्रायटिस गुडघ्यासारखा केवळ वयाने येत नाही. त्यातील बहुतांश रुग्णांत जुनी इजाच कारण असते. त्यामुळे काहीच न करण्याचीही किंमत असते आणि ती मूल चाळिशीत मोजते. प्रश्न नवा उपचार करण्याचा नाही, तो नोंद न ठेवता करण्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, बालरोगतज्ज्ञाने यात पडू नये. मला वाटते, लसीकरणाने आपल्याला जी शिस्त लावली तीच येथे उपयोगी आहे. कोणती लस, कोणती कंपनी, कोणता बॅच क्रमांक, कोणत्या तारखेला, हे आपण पाच रुपयांच्या कार्डावर वर्षानुवर्षे लिहीत आलो. मग लाखोंच्या पदार्थाची नोंद मुलाच्या फाइलमध्ये का नसावी?

एक सूचना

आपल्या मंडळात अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, क्ष-किरणतज्ज्ञ आहेत, भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत, आणि बालरोगतज्ज्ञ तर भरपूर आहेत. आपण सर्वांनी मिळून एक सामायिक नोंदवही सुरू करावी. तिच्यात घोट्याच्या कूर्चेची इजा निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे वय, इजेचा आकार, केलेला उपचार, वापरलेल्या पदार्थाचे नाव व क्रमांक, आणि दरवर्षीची स्थिती लिहावी. मुलाचे नाव गुप्त ठेवावे. वर्षाला चार-पाच मुलांची नोंद झाली तरी दहा वर्षांत आपल्या हाती आपल्याच मुलांची माहिती असेल, आणि पुढच्या पालकाला परदेशातील मालिकांऐवजी आपल्या शहराचा अनुभव सांगता येईल. याला निधी लागत नाही. एक वही, एक जबाबदार व्यक्ती आणि वर्षातून एक बैठक पुरे. वहीचे काम करण्यास मी तयार आहे. मंडळाच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, ही पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती.